डावीकडून पहिला चौकोन

कॉम्प्युटर विभाग कुणाच्या हाताखाली असावा, यावरून जाणती माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या ऑफिसची पायरी चढत नाहीत, असं मी सांगितलं की पुण्यातल्या माझ्या बहिणी हसतात. थोरलीच्या बँकेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो मॅनेजरच्या केबिनमध्ये ठेवायचा की बाहेर, एवढाच वाद झाला होता आणि तो चहाच्या वेळेत मिटलाही होता. त्यामुळे त्यांना माझं बोलणं अतिशयोक्तीचं वाटतं. तशी मी अतिशयोक्ती करते, पण या बाबतीत नाही.

नव्वदच्या दशकात मी अमिरातींच्या उत्तर भागातल्या एका छोट्या अमिरातीच्या सरकारात प्रोग्रॅमर होते. कुठली अमिरात ते सांगत नाही. तिथली माणसं माझ्याशी वाईट वागली नाहीत, आणि ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे त्यांना ते आवडणार नाही. नवरा रास अल खैमाच्या बाजूला एका सिमेंट कारखान्यात इंजिनिअर होता. त्याच्यामागून मी आणि आमची मुलगी आलो. मुलगी शाळेत गेली की घरात मी आणि एसीची घरघर. असं बसून राहायचा माझा पिंड नाही. वित्त खात्यात मशीन आणून ठेवलंय आणि ते चालवायला कुणी नाही, असं कानावर आलं, तशी मी सरळ जाऊन उभी राहिले.

वित्त खात्याचे मुदीर, म्हणजे प्रमुख, तेव्हा साठीच्या पुढचे होते. पांढराशुभ्र कंदोरा, म्हणजे तिथला पायघोळ झगा, कातरलेली दाढी, आणि बोलायला लागले तर थेट मुंबईचं हिंदी. तरुणपणी वडिलांच्या व्यापारासाठी ते मुंबईत राहिले होते. मी पुण्याची आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"पुना! वहाँ रेस में मेरे चाचा का घोड़ा दौड़ा था."

"जीत गया?" मी विचारलं.

"हार गया. बहुत बुरा हारा," असं म्हणून ते इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. माझा इंटरव्ह्यू एवढाच. प्रमाणपत्रं मी पिशवीतून काढली होती, ती तशीच परत आत गेली.

आमचा विभाग म्हणजे तिजोरीच्या मागची एक थंडगार खोली, त्यात मशीन, मी आणि एक सुदानी सहकारी. हा अरबी-इंग्रजी भाषांतर करायचा, टाइप करायचा आणि उरलेल्या वेळात माझं अरबी दुरुस्त करायचा. पगारपत्रकं, पावत्या, बजेट, सगळं आम्ही मशीनवर आणलं. मुदीरसाहेबांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पाहुणा आला की ते त्याला आमच्या खोलीत घेऊन यायचे आणि काचेतून मशीन दाखवायचे. त्या मशीनचा त्यांना अभिमान होता. माझाही थोडा असावा.

गाडी अडली ती जमिनींपाशी. जमीन खात्याची कागदपत्रं मशीनवर आणायची असं वरून ठरलं आणि मी उत्साहाने त्या खात्यात गेले. आपल्याकडे खातं म्हणजे खातं, आज हा साहेब, उद्या तो. तिथे खातं हा एका जमातीला दिलेला मान होता. किनाऱ्यावरच्या व्यापारी घराण्याकडे पैसा, डोंगरातल्या जमातीकडे जमिनी, वाळवंटाकडच्यांकडे पाणी आणि वीज, हे वाटप कधीतरी फार पूर्वी होऊन गेलं होतं. मुदीर निवृत्त झाला की त्याच्या खुर्चीत त्याचाच पुतण्या यायचा. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि अंगावर येणं यात फरक आहे.

जमीन खात्याचे मुदीर डोंगरातले. त्यांनी मला गहवा, म्हणजे तिथली कडू कॉफी, पाजला, खजूर दिला, सुदानी सहकाऱ्यामार्फत मुलीची चौकशी केली आणि मग विचारलं, "मशीन कुठे आहे?"

"वित्त खात्यात."

"म्हणजे आमच्या डोंगराच्या जमिनी त्यांच्या घरात मुक्कामाला जाणार."

मी पासवर्ड समजावून सांगितला. तुमची माहिती तुमच्याशिवाय कुणी उघडू शकणार नाही, किल्ली फक्त माझ्याकडे.

"आणि तुझा पगार कुणाच्या हातून येतो?" त्यांनी शांतपणे विचारलं.

परत येताना गाडीत मी सहकाऱ्यावर चिडचिड केली, ही काय माणसं, यांना काय कळतं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मॅडम, त्यांनी प्रश्न तर बरोबर विचारला." तेव्हा मला त्याचाही राग आला.

याचा त्रास व्हायचा तो कुणाला? डोंगरातून एक बाई यायची. अंगभर काळा अबाया, चेहऱ्यावर तो चकाकणारा कडक बुरखा, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. नवरा गेला होता, घर त्याच्या नावावर होतं, पाण्याचं कनेक्शन तिला आपल्या नावावर हवं होतं. पाणी खातं म्हणायचं जमिनीचा कागद आण, जमीन खातं म्हणायचं वित्त खात्याची पावती आण, आणि आमची छापील पावती नेली की जमीन खातं म्हणायचं आम्ही मशीनचा कागद मानत नाही, हाताने लिहून आण. तिन्ही खाती तीन दिशांना. मी बाई म्हणून ती माझ्या खोलीत येऊन बसायची. एकदा मशीनकडे बोट दाखवून म्हणाली, "तू याची मालकीण ना? मग याला सांग की मी आहे म्हणून." मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. राग आला की माझी भूक जाते.

त्याच सुमाराला नवऱ्याचा कारखाना दुसऱ्या मालकाकडे गेला आणि त्याची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की मुलीचाही गेला, कारण ती बापाच्या व्हिसावर होती. माझा व्हिसा माझ्या नोकरीवर होता, पण बायकोच्या व्हिसावर नवऱ्याला ठेवायची सोय तेव्हा जवळजवळ नव्हतीच. बाई डॉक्टर नाहीतर शिक्षिका असली तर विचार व्हायचा. प्रोग्रॅमर हा शब्द त्या यादीत कुठून असणार? मुलगी नववीत जाणार होती. तिला मधूनच उचलून पुण्याच्या शाळेत टाकायचं, हे मला नको होतं.

मी मुदीरसाहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि व्हिसाच्या ऑफिसात सांगितलं. विनंती केली असं मी म्हणत नाही, सांगितलं. माझ्या खात्यातली बाई आहे, तिचा नवरा आणि मुलगी तिच्यापाशी राहतील. आणि ते राहिले. फक्त ही खास परवानगी दरवर्षी नव्याने घ्यायची होती आणि तीही वित्त खात्याच्या प्रमुखाच्या शब्दावर. आमचं तिथलं घर त्या एका माणसाच्या शब्दावर उभं होतं, हे आम्ही दोघं जाणून होतो.

नवरा घरी बसला. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो मुलीला शाळेत सोडायचा, वर्तमानपत्र घेऊन यायचा, दुबई आणि शारजाच्या कंपन्यांना अर्ज पाठवायचा आणि कुकर लावायचा. त्याने कधी तक्रार केली नाही. मीही कधी विचारलं नाही. त्याला बरं वाटावं म्हणून मी विचारत नव्हते, असं तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

मग दिवाणात एक तरुण माणूस आला. दिवाण म्हणजे अमिरातीच्या शासकाचं, शेखसाहेबांचं स्वतःचं कार्यालय. हा त्यांच्या नात्यातला, अमेरिकेत शिकलेला. घड्याळ बघून बोलणारा तिथला मला भेटलेला पहिला माणूस. त्याने मला बोलावून घेतलं.

"मॅडम, आयटी डिपार्टमेंट कुठे ठेवायचं ते तुम्ही मला लिहून द्या. हू इज हू विसरून जा. फक्त स्ट्रक्चर सांगा."

त्या गावात हू इज हू विसरायचं! मला हसू आलं, पण तो गंभीर होता. बाहेरचा सल्लागार आणणं त्याला शक्य होतं. त्याने मला विचारलं, कारण जमीन खात्यात जाऊन हात हलवत परत आलेली बाई मीच होते.

उत्तर मला केव्हाच माहीत होतं. विभाग कुठल्याही एका खात्यात असून चालणार नव्हता. तो दिवाणात हवा होता, सगळ्यांपासून सारख्या अंतरावर. तिथे शेखसाहेबांचा शब्द असल्यामुळे डोंगरातल्यांनाही नाही म्हणता येणार नव्हतं आणि वाळवंटातल्यांनाही. पण त्याचा अर्थ असा होता की मुदीरसाहेबांच्या घरातून मशीन उचलायचं.

घरी सांगितलं तेव्हा नवरा भाजी चिरत होता. सुरी खाली ठेवून म्हणाला, "तू वेडी आहेस का? रिन्यूअल चार महिन्यांवर आलंय. त्या माणसाच्या शब्दावर आपण इथे आहोत आणि तू त्याचाच विभाग काढून घेणार?"

"मी नाही काढत. मला विचारलंय, मी सांगणार."

"मग सांग ना की फायनान्समध्येच बरं आहे. काय बिघडेल?"

"त्या बाईला पाणी मिळणार नाही."

"कोण बाई?" तो म्हणाला. मी त्याला तिच्याबद्दल कधी सांगितलंच नव्हतं.

मुलगी आतून ओरडली, "कॅन यू गाईज प्लीज नॉट फाइट? आय हॅव अ टेस्ट." भाजी चिरून झाली, फोडणीला पडली, आणि तो विषय तसाच राहिला.

खोटं लिहून देणं मला जमत नाही. हा मोठेपणा नाही, तो माझा आडमुठेपणाच आहे, आई म्हणायची. पण पाठीमागून काही करणंही मला जमत नाही. म्हणून लिहायच्या आधी मी मुदीरसाहेबांसमोर जाऊन बसले आणि काय लिहिणार आहे ते सांगून टाकलं. ते बराच वेळ बोटांमधली मण्यांची माळ ओढत राहिले.

"लिखो बेटी," शेवटी म्हणाले. "जो ठीक लगता है, वो लिखो. मशीन मेरे बाप का थोड़े ही है." मग म्हणाले, "बस, मेरी इज्जत का खयाल रखना."

मी मनापासून हो म्हटलं. काय वाटेल ते झालं तरी त्यांचा मान राखायचा, हे मी ठरवूनच टाकलं.

मी आराखडा काढला. वर शेखसाहेबांचं दिवाण, त्याच्या खाली आमचा नवीन विभाग, आणि त्याच्या खाली एका ओळीत सगळी खाती, सारख्या आकाराचे चौकोन, सारख्या लांबीच्या रेषा. त्या ओळीतला पहिला चौकोन मी वित्त खात्याला दिला. दुसरा जमिनींना, तिसरा नगरपालिकेला, चौथा पाणी आणि वीज, असं करत करत शेवटचा चौकोन गुरांचा बाजार आणि खाटीकखाना बघणाऱ्या खात्याला. वित्त खातं पहिलं. त्याबद्दल कुणी विचारलं असतं तर मी कारणंही देऊ शकले असते, तयारच ठेवली होती. त्या चौकोनाची रेघ मी जरा ठळकसुद्धा केली.

सुदानी सहकारी त्या आठवड्यात आजारी होता. दिवाणातल्या कुणा टायपिस्टने प्रत्येक चौकोनातला इंग्रजी शब्द पुसून तिथे अरबी शब्द बसवला. चौकोन होते तिथेच राहिले. पारदर्शक कागदावर छापून ते पडद्यावर दाखवायचं होतं.

बैठक दिवाणाच्या मोठ्या दालनात होती, तिन्ही भिंतींना लागून कोचांची रांग. कोण कुठे बसतो हे तिथे कुणी सांगत नाही, सगळ्यांना माहीतच असतं. मुदीरसाहेब वरच्या बाजूला, तरुण साहेबाच्या शेजारी बसले होते. मी प्रोजेक्टरपाशी उभी, कागद बदलायला. बोलणार होता तो तरुण साहेब. खोलीत मी एकटी बाई, त्यामुळे सगळे माझ्याकडे न बघण्याची काळजी घेत होते.

आराखडा पडद्यावर आला. तरुण साहेबाने काठी उचलली, वर दिवाण, खाली आयटी, असं सांगितलं आणि मग खात्यांच्या ओळीवर आला. काठी उजव्या टोकाला टेकली.

"पहिलं," तो अरबीत म्हणाला, "गुरांचा बाजार आणि खाटीकखाना."

अरबी उजवीकडून वाचतात हे शेंबड्या पोराला कळतं, मला कळत नव्हतं का? रोज ती लिपी माझ्या डोळ्यांसमोर होती, अरबी पगारपत्रकं मी स्वतः तपासली होती. पण शब्द उजवीकडून वाचायचे असतात एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. चौकोनसुद्धा उजवीकडून वाचतील, माणसंसुद्धा, हे माझ्या मनाला शिवलंच नव्हतं. पहिलीपासून पाटीच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करणारा हात माझा, त्याने मानाची जागाही डावीकडेच काढली.

गुरांच्या बाजाराचे मुदीर एक गमतीदार म्हातारे गृहस्थ होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "अल्हमदुलिल्ला! अखेर बकऱ्यांना न्याय मिळाला." दालनात हशा पिकला. काठी पुढे सरकत गेली, पाणी, नगरपालिका, जमिनी. जमीन खात्याचे मुदीर शेवटून दुसरे आले, पण त्यांचं लक्ष त्याच्या पुढच्या चौकोनाकडे होतं. काठी डाव्या टोकाला पोचली.

"आणि शेवटी, वित्त खातं."

ठळक रेघेमुळे तो चौकोन ओळीतून हाकलून दिल्यासारखा दिसत होता. कुणीतरी कोपऱ्यातून म्हणालं, "बकऱ्यांच्या मागे तिजोरी," आणि पुन्हा हसू झालं, या वेळी जरा दबकं. मी तरुण साहेबाकडे बघत होते, हा थांबवेल, सांगेल की कागद उलटा आहे. त्याला दोन्ही बाजूंनी वाचता येत होतं. त्याने घड्याळ पाहिलं आणि पुढचा कागद मागितला. त्याला ते आधी दिसलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

मुदीरसाहेब शेवटपर्यंत बसले. गहव्याचा रिकामा कप हलवून पुरे म्हणून परत दिला, सगळ्यांशी हात मिळवले आणि गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण तसं तिथे कुणीच पाहत नव्हतं.

ती चेष्टा गावभर झाली. दालनातून मासळी बाजारात, तिथून लग्नाच्या पंगतीत. लहान गावात विनोदाला पाय फुटायला वेळ लागत नाही. मशीन एका पिकअपमधून गादीत गुंडाळून दिवाणात गेलं, मागोमाग आम्ही. जमिनीची कागदपत्रं येऊ लागली. माझा आराखडा बरोबर होता, अगदी तंतोतंत. त्या डोंगरातल्या बाईला पाणी मिळालं, ती मला मध आणून देऊन गेली. मी तो मध घरी नेला, पण मला गोड लागला नाही.

वित्त खात्यात कामासाठी जावं लागे तेव्हा मी बघत असे. मुदीरसाहेबांच्या बाहेरच्या खोलीत पूर्वी माणसं दाटीवाटीने बसलेली असायची, कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचं भांडण. आता कोच मोकळे दिसायचे. बसायची सवय असलेले दोन-चार म्हातारे तेवढे उरले होते. शब्दाला वजन होतं म्हणून माणसं येत होती, आणि माणसं येतात म्हणून वजन होतं. एक कमी झालं तसं दुसरंही.

रिन्यूअलची तारीख जवळ आली. दिवाणातल्या व्हिसा बघणाऱ्या माणसाने माझे कागद चाळले आणि परत दिले. "मॅडम, हजबंड ऑन वाइफ व्हिसा? हे आमच्याकडे बसत नाही." तरुण साहेबाकडे गेले. तो सभ्यपणे म्हणाला, "मी नियम मोडायला आलेलो नाही, मॅडम. तुम्हीच स्ट्रक्चर दिलंत. आय लाइक इट." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

नवरा म्हणाला, "म्हाताऱ्याकडे जा."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"याच तोंडाने. दुसरं कुठलं आहे आपल्याकडे?"

मी गेले. दुपारची नमाज झाली होती, मुदीरसाहेब एकटेच होते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, मुलीची चौकशी केली. मला धीर धरवेना. मी पहिल्यांदा तेच बोलले, की साहेब, आमच्याकडे डावीकडून सुरुवात होते, मी तुम्हाला पहिलं ठेवलं होतं, देवाशपथ पहिलं ठेवलं होतं. बोलता बोलता मला रडू फुटलं. ऑफिसात रडणाऱ्या बायकांवर मी आयुष्यभर नाक मुरडलं होतं.

"मुझे मालूम है, बेटी," ते म्हणाले. "मैं बंबई में रहा हूँ. बस का बोर्ड, दुकान का बोर्ड, सब उधर से पढ़ता था. मैंने देखते ही पढ़ लिया कि तूने मुझे पहले बिठाया है."

"तो फिर आपने बोला क्यों नहीं?"

"किसको बोलूँ? जो वहाँ बैठे थे, वो बंबई में नहीं रहे. मैं खड़ा होकर बोलूँ कि भाई, उलटा पढ़ो, मैं पहला हूँ?" ते किंचित हसले. "जिसको खुद बोलना पड़े कि मैं पहला हूँ, वो पहला नहीं होता."

मग त्यांनी व्हिसाचं विचारलं. मी न सांगता त्यांना कळलं होतं. त्यांनी फोन जवळ ओढला आणि व्हिसाच्या ऑफिसचा नंबर फिरवला. पलीकडे कुणीतरी उचलला. यांनी आपलं नाव सांगितलं, साहेबांना द्या म्हणाले, आणि थांबले. मी समोर बसले होते. रिसीव्हरमधून लांबवरचं बोलणं, हसणं ऐकू येत होतं, म्हणजे साहेब जागेवरच होते. पलीकडून कुणीतरी परत विचारलं, कोण म्हणालात? यांनी पुन्हा नाव सांगितलं, या वेळी वडिलांचं आणि जमातीचंही जोडून. त्यांना स्वतःचं पूर्ण नाव सांगावं लागलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पुन्हा थांबा म्हणून सांगितलं गेलं. त्यांची मान ताठ होती, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते थांबले असते. तासभर थांबले असते, माझ्यासाठी. आणि पलीकडून जे उत्तर येणार होतं ते मला आत्ताच दिसत होतं.

मी हात पुढे केला आणि फोन कट केला.

परक्या बाईने त्यांच्या टेबलावर हात घालावा, हे त्या खोलीत कधी झालं नसेल. ते रिसीव्हर कानाशी धरून माझ्याकडे बघत राहिले.

"खलास?" त्यांनी विचारलं.

"खलास," मी म्हटलं.

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. आम्ही चहा प्यायलो. दाराशी येऊन त्यांनी मला निरोप दिला, जसे ते बरोबरीच्या माणसाला द्यायला यायचे.

घरी येईपर्यंत मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होते. खोटं कशाला सांगू? इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी नीट वागल्यासारखं वाटत होतं. नवरा दारातच उभा होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला.

"काय म्हणाले? होतंय?"

मी सगळं सांगितलं. बोर्ड वाचण्याबद्दल, फोनबद्दल, दोनदा नाव विचारल्याबद्दल. "मला ते बघवेना रे," मी म्हटलं. "एवढा माणूस, आणि त्याला असं ताटकळत ठेवलं. मीच फोन ठेवून दिला."

त्याने आवाज चढवला नाही. त्याचा आवाज चढला असता तर मला भांडता आलं असतं.

"त्यांना थोडा वेळ थांबावं लागलं, ते तुला बघवलं नाही," तो म्हणाला. "मी घरात बसून कुणाच्या ना कुणाच्या फोनची वाट बघतोय, कधीपासून. ते रोज बघवतं?"

आत मुलगी मोठ्याने इतिहास पाठ करत होती, तो तिच्याकडे गेला आणि तिची प्रश्नोत्तरं घेऊ लागला. त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला, कितीतरी महिन्यांनी. कुठला डबा कुठे आहे ते मला शोधावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो ट्रॅव्हल एजंटकडे जाऊन आला. त्याने दोन तिकिटं काढली होती. त्याने मला विचारलं नव्हतं, आणि तीन काढ असं मीही म्हटलं नाही.